पाठमोऱ्या मुलीचं वाक्य

दि. ९ मार्च, दुपारचे तीन

प्रिय पिटुकले,

सतरा वर्षांच्या मुलीला पिटुकली म्हणू नये हे मला कळतं. सवय जात नाही, काय करू. तू बरी असशीलच. मावशीकडे जेवणाचे नखरे चालत नाहीत, त्यामुळे दोन घास जास्तच जात असतील. इकडे सगळं नेहमीसारखं. वरच्या मजल्यावरच्यांचं फर्निचर अजून सरकतंच आहे. तुझ्या खोलीचं दार लावून ठेवलंय. आत गेले नाही, शपथ.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. (तू उचलत नाहीस, तो भाग वेगळा.) डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. स्वरयंत्रावर गाठी आल्यात. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सेहेचाळिसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरींसारखं किंचाळत राहिलात तर दुसरं काय होणार?" बावीस वर्षं सिनेमातल्या पोरींना आवाज देताना दुसरं केलंय काय मी? पडद्यावरची मुलगी रुसली की मी रुसायचं, ती प्रेमात पडली की मी बंद खोलीत कानाला हेडफोन लावून लाजायचं. दमले गं आता. खरंच दमले.

गप्प बसलं की नको ते आठवत राहतं. आपण दोघी एका पांघरुणात बसून ते शाळा-कॉलेजातल्या पोरांचे सिनेमे बघायचो ना, ते आठवतायत. तू दहा वर्षांची असल्यापासून परीक्षक. "आई, हा वाईट. झोपेतून उठली तरी केस बघ तिचे!" "हाही वाईट. या काकांना दाढी येऊन दहा वर्षं झाली असतील, आणि पाठीला दप्तर काय लावलंय!" सगळ्यात जास्त चिडायचीस ती शेवटावर. आईबाप एकदम शहाणे होतात, मिठ्या मारतात, गाणं सुरू. "हे मोठ्यांनी स्वतःला बरं वाटावं म्हणून काढलेले सिनेमे आहेत," म्हणायचीस. मग चांगला कुठला, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "ज्यात मुलीला काय बोलावं ते कळत नाही, तरी ती बोलते, आणि कुणी तिच्यासाठी टाळ्या वाजवत नाही." मी हसले होते. पण लक्षात ठेवलं. माझं तेच तर वाईट आहे, मी लक्षात ठेवते.

बरं. त्या वाक्याचं.

तू बॅग भरत होतीस तेव्हा मी म्हटलं, "अगं, तोंडातून निघून गेलं, मुद्दाम नाही केलं." तुझ्या मावशीलाही तेच सांगितलं. तिने विश्वास ठेवला असेल. तू नाही ठेवलास, आणि चार महिने झाले, तिकडेच आहेस.

खरं काय झालं ते सांगते. सिनेमात त्या मुलीचे वडील घर सोडून गेलेत. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून आईला काहीतरी म्हणते. कागदावर लिहिलं होतं, 'मला कुणीच समजून घेत नाही.' आठ वेळा म्हटलं. आठही वेळा खोटं. दिग्दर्शक काचेपलीकडे कपाळ धरून बसलेला. मुलगी पाठमोरी, त्यामुळे ओठ जुळवायची भानगड नव्हती, काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी विचारलं, "एक वेगळं करून बघू?" आणि म्हटलं.

"बाबा गेले तेव्हा तू रडत होतीस, म्हणून मी रडले नाही. आता मी कधी रडायचं?"

काचेपलीकडे ध्वनिमुद्रक चष्मा पुसायला लागला. दिग्दर्शक धावत आत आला, "ताई, सिनेमा वाचवलात!" आणि मी, तुझी आई, खूश झाले. घरी येताना तुझ्यासाठी आईस्क्रीम आणलं. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

तू पहिल्याच दिवशी मैत्रिणींबरोबर बघायला जाशील हे सुचलंच नाही, असंही मी म्हणत आले. सुचलं होतं. वाटलं, तुला आवडेल. वाटलं, हा चांगला, असं म्हणशील. इतकी मी मूर्ख! थिएटरात आजूबाजूची माणसं नाक ओढत होती आणि तुझी ती मैत्रीण, जिला तू हे सगळं कधीतरी सांगितलं होतंस, ती पडदा सोडून तुझ्याकडे बघत होती. हे मला मावशीकडून कळलं.

अजून एक आहे. ते लिहायला नको म्हणून दोन दिवस कपाटं आवरत बसले होते.

तुझे बाबा गेले त्यानंतरची गोष्ट. तू बाथरूमच्या दारात ओला टॉवेल घेऊन उभी होतीस आणि ते वाक्य मला म्हणालीस. मी तुला जवळ घेतलं नाही. उत्तरही दिलं नाही. "चल, जेवून घे," म्हटलं. तू खोलीत गेलीस, आणि मी माझी कामाची वही काढली. वाक्य लिहून घेतलं. 'आता' म्हटल्यावर श्वास अडकतो, अशी खूण केली. 'मी'वर आवाज चढत नाही, उतरतो, अशी दुसरी खूण. तू रडकुंडीला आली होतीस आणि तुझी आई तुझ्या श्वासांच्या जागा टिपत होती. जाताना तू म्हणालीस, "तू माझं ऐकत नाहीस, माझा आवाज ऐकतेस." तेव्हा मी भांडले. बरोबर होतं तुझं.

येत्या रविवारी तो सिनेमा टीव्हीवर आहे. बोलायची बंदी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी दिग्दर्शकाकडे गेले आणि म्हटलं, ते वाक्य काढायचं. तो उडालाच. "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? अख्ख्या सिनेमात तेवढंच तर खरं आहे!" म्हटलं, म्हणूनच. ते तुमचं नाही आणि माझंही नाही. सिनेमाच्या दुसऱ्या भागाला त्याला माझाच आवाज हवाय, म्हणून चरफडत कबूल झाला. मग त्या बसलेल्या घशाने कागदावरचं म्हटलं, 'मला कुणीच समजून घेत नाही.' एकदाच. अगदी भिकार झालं. आता यापुढे जिथे जिथे दाखवतील, तिथे तेच ऐकू येईल. ज्यांनी आधी ऐकलं त्यांच्या कानातून मला काही काढता येत नाही. तेवढं माझ्या माथी राहिलं.

वहीतलं ते पान फाडून याच पाकिटात घातलंय, खुणांसकट. नक्कल ठेवलेली नाही. फाड, ठेव, तुझं आहे.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मात्र द्यायचं राहिलं. तुला वाटेल तेव्हा रड. मावशीजवळ, मैत्रिणीजवळ, नाहीतर एकटी. माझ्याजवळ रडावंसं वाटलं, तर मी आधी रडायला लागणार नाही. आणि काही लिहून घेणार नाही.

वाट बघते, असं म्हणून तुझ्यावर ओझं टाकत नाही. घरी आहे.

तुझी,
आई