शॅमॉय आणि भाटिया

५ जानेवारी १९९७, रविवार, सकाळ
काल गाडी आली. मरून रंग. फरीदाबादला आमच्या गल्लीत पहिलीच. संकल्प: दर रविवारी स्वतः धुणार, स्वतः पुसणार. ब्लडप्रेशरमुळे चिडू नका, असं डॉक्टर म्हणाले. मुळात मी शांतच आहे.

मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या, प्रभाच्या भावाने, सिंगापूरहून सिंथेटिक शॅमॉय पाठवलंय, म्हणजे गाडी पुसायचं रबरी फडकं. वाळून पापडासारखं कडक झालेलं. डबीवर छापलंय: आधी भिजवा, पिळा, गाडीवर पसरून अलगद ओढा, घासू नका, खाली पडलं तर धुवा. सामान्य लोकांसाठी ठीक आहे. मी मेकॅनिकल इंजिनियर.

दुपार
कोरडंच घासलं. कोरडं जास्त शोषणार, साधं लॉजिक. बॉनेटवर गोल गोल ओरखडे. कारण उघड आहे. शेजारचा भाटिया कंपाउंडच्या भिंतीवर रजई टाकून काठीने बडवतो. सगळी धूळ इकडे. त्याला शांतपणे समज दिली. प्रभा म्हणते, पार्कपर्यंत ऐकू आलं.

१२ जानेवारी, रविवार
शॅमॉय मातीत पडलं. झटकून परत फिरवलं. बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत लांबच लांब रेघ. पुन्हा भाटियाची धूळ. त्याची रजई उचलून नाल्यात टाकली. एवढ्यावरून तो अंगावर धावून आला. मी स्वसंरक्षणार्थ आधीच थोबाडीत दिली. त्याने नाकावर बुक्का हाणला. भळाभळा रक्त. हाताशी शॅमॉयच होतं. शोषतं मात्र छान.

१३ जानेवारी
ऑफिसात सांगितलं, क्रिकेटचा बॉल लागला. संध्याकाळी प्रभा भाटियाकडे मऊ खिचडी घेऊन गेली. त्याचा ओठ फुटलाय, चावता येत नाही म्हणे. माझं नाक एवढं सुजलंय, तरी घरात कुणाला दिसत नाही.

१९ जानेवारी, रविवार
भाटियाला माफ करायचं ठरवलं. तसं सांगायला गेलो. दार उघडेना, म्हणून लाथ घातली. कडी निखळली. तो हॉकी स्टिक घेऊन बाहेर. मी धावत नव्हतो, गाडीकडे निघालोच होतो. स्टिक साइड मिररवर बसली. काचेचा चुरा. मी वळून सगळ्या ताकदीने ठोसा मारला. ऐन वेळी तो वाकला, भित्रा. मूठ माझ्याच गाडीच्या दारावर. दारात खड्डा, हातात फ्रॅक्चर. तरी डाव्या हाताने त्याचे केस धरून होतो. गल्ली गोळा झाली. प्रभा आली आणि गाडी धुवायची बादली आम्हा दोघांवर उपडी केली. ऐन थंडीत.

"आता पुसा एकमेकांना," म्हणाली आणि आत गेली.

२७ जानेवारी, सोमवार
हात प्लॅस्टरमध्ये. अंगात ताप. हॉस्पिटलला दाखवायला जायचं होतं. एका हाताने चालवतो म्हटलं. प्रभाने किल्ली भाटियाला दिली. तो पुढे, प्रभा त्याच्या शेजारी, मी मागे. बघणाऱ्यांना वाटलं असेल, साहेबांनी ड्रायव्हर ठेवला.

मथुरा रोडवर हवालदाराने अडवलं. मिरर कुठे, विचारलं. आता भाटिया माझं नाव सांगणार, याची मला खात्री होती.

"पीछे भाई साहब बहुत बीमार हैं जी," तो फुटक्या ओठाने म्हणाला.

हवालदाराने काचेतून आत डोकावलं.

मी खोकलो.