कुंपणाबाहेरचा लूकस

बोईसर
नोव्हेंबर १९६६

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. झुंबरनं आधी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. बाळाच्या कबरीवरची पाटी काढून टाका, फादरांची माफी मागा, असं तू लिहिलंस. कोणी तरी तुला अर्धंच सांगितलेलं दिसतं. आता पूर्ण ऐक.

आमचा लूकस ऑगस्टात झाला, दिवस भरायच्या आधीच. झुंबर तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. पाऊस असा लागलेला की आमच्या झोपड्यांकडे गाडी येईना. शेजारच्या पाड्यावरची दाई नवसी धावत आली. तिनंच बाळाला हातात घेतलं, पुसलं, माझ्या छातीशी ठेवलं. त्याचा श्वास कोंबडीच्या पिलासारखा होता. झुंबर कामावरून आला तसाच फादरांना आणायला सायकलवरून पालघरला गेला. मला ताप चढला होता, शुद्ध नव्हती. नाहीतर मीच पाणी घातलं असतं. अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे गावच्या चर्चमध्ये धर्मशिक्षक म्हणून तूच आम्हा पोरांना शिकवलंस. शुद्धीवर आले तेव्हा बाळ नवसीच्या मांडीवर होतं आणि तिनं त्याचं तोंड झाकलेलं होतं.

फादर चिखलात भिजून आले. भला माणूस आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "साखरबाई, या दाईनं बाळाच्या कपाळावर पाणी घातलंच असेल ना?" त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी हो म्हटलं असतं तर लूकस कबरस्तानात आत गेला असता. नवसीलाही कळलं. ती म्हणाली, "मी काय सांगू बाय, तुमी सांगाल त्ये सांगीन." झुंबर डोळ्यांनी मला विनवत होता.

मी म्हटलं, "नाही घातलं, फादर. त्यानं काहीच वाईट केलेलं नाही. त्याला देवाच्या दारात नेताना मी पहिली गोष्ट खोटी बोलू?"

फादर म्हणाले, मग आत जागा देता येणार नाही. झुंबरनं कबरस्तानाच्या निवडुंगाच्या कुंपणाबाहेर खड्डा खणला. तिथं आणखीही तीन-चार लहान उंचवटे आहेत, कोणाचे ते कोणी सांगत नाही. बिननावाचे ठेवायचे अशी रीत आहे म्हणे. ती मी मोडली. झुंबर गवंडी माणूस, त्यानं सिमेंटची पाटी ओतली आणि ओली असतानाच खिळ्यानं लिहिलं: लूकस झुंबर पारधे. चर्चची पंचमंडळी दोनदा काढायला सांगून गेली. मी म्हटलं, तुम्हीच काढा, मी इथं उभी राहते. कोणी हात लावला नाही. मृतांच्या सणाला सगळे आत मेणबत्त्या लावत होते, मी बाहेर लावली. थोड्या वेळानं रखमाबाई, इथली एक म्हातारी, पदर सावरत बाहेर आली आणि शेजारच्या उंचवट्यावर तिनं एक लावली.

तू लिहितोस, तो लिंबोत आहे, बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं जातात त्या जागी, तिथं दुःख नसतं, फक्त देवाचं दर्शन नसतं. दादा, तुला अजून मूल नाही. ज्याला आई दिसत नाही ते बाळ सुखात आहे, हे कोणत्या बाईनं तुला सांगितलं? हेरोदानं बेथलेहेमची बाळं मारली, त्यांचा सण आपण नाताळानंतर पाळतो, त्यांना संत म्हणतो. त्यांच्या डोक्यावर कोणी पाणी घातलं होतं? बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, असं प्रभू म्हणाला. दाखला आणा, असं नाही म्हणाला. मी माफी मागणार नाही.

आता हे का लिहिते ते सांगते. बाळंतपणाचं कळल्यावर आई इथं आली, ती अजून इथंच आहे. पाटी ओतून झाल्यावर तिनं झुंबरला विचारलं, "थोडं सिमेट उरलं का रं?" आम्हाला काही कळेना. घरी चालत येताना तिनं सांगितलं. तुझ्यानंतर आणि माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. आपल्या अण्णांनी तिला ओढ्याकाठी बांधावर पुरलं. नाव काय ठेवलं होतं, विचारलं, तर म्हणाली, "नाव ठिवायला पानी पडावं लागतंय, बाई." इतकी वर्षं ती दर रविवारी बायकांत पुढं बसून तुझी शिकवण ऐकते. माझी मुलगी कुठं आहे, हे तिनं तुला कधी विचारलं नाही, कारण तू काय सांगशील ते तिला ठाऊक होतं. आई शनिवारी परत निघतेय, हे पत्र तिच्याच हाती देते आहे. तिला वाचता येत नाही. तू समोर बसवून सगळं मोठ्यानं वाचून दाखव. मग तुझी बहीण कुठं आहे ते तिला सांग. लिंबोत म्हणायचं असेल तर तेही म्हण. पण पुस्तकात बघून नको, आईच्या तोंडाकडे बघून म्हण.

तुझीच,
साखर