पाचशे किलोवॅटची मोटार

तीर्थस्वरूप वाइंडरदादांना पंपघरातल्या धाकट्या ऑपरेटरचा साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्हाला ऐकू कमी येतं, मग मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचंय ते गल्लीला ऐकवण्यासारखं नाही.

आपली मोटार आठवते ना? (हा प्रश्नच चुकला. तुम्ही तिच्या पोटातली तारन् तार बदललीत, तुम्हाला कसा विसर पडेल?) आपल्या वेळी तिला चालू करणं म्हणजे सोहळा असायचा. मी त्या लांब हँडलचा एकेक टप्पा पुढे ढकलायचो, तुम्ही बेअरिंगवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे, आणि तिने जोर धरला की सगळ्या गावाचे दिवे मंद व्हायचे. लोक वैतागायचे, मला वाटायचं, गाव आपल्याला सलाम करतंय. एकदा सुटली की एकाच वेगाने पळणार. पाणी कमी हवं असेल तर आपण व्हॉल्व्ह आवळायचो, म्हणजे मोटार पूर्ण जोरात आणि वाटेत आपणच तिला अडवतोय, असा सगळा कारभार. तरी दादा, फार चांगले दिवस होते ते. अजून सकाळी सहाला जाग येते आणि हात हँडल शोधतो.

आता तिथे इन्व्हर्टर बसलाय. मी समजलो, घरची वीज गेल्यावर पंखा फिरवतो तो डबा. हा चार कपाटांएवढा आहे! आलेली वीज आधी सरळ करतो, मग तिचे बारीक तुकडे पाडून हवी तशी नवी वीज बनवतो, आणि मोटार हळू म्हटलं की हळू, जोरात म्हटलं की जोरात फिरते. दिवे मंद होत नाहीत. आणि हे बसवायला आलेली इंजिनिअर कोण, तर आमची लेक! स्वतःच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलंच मोठं काम. (माझं हँडल तिनेच काढलं. पण काढण्याआधी म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." पोरीला मन आहे.)

घोळ पुढे झाला. मोटारीला हात लावण्याआधी हा इन्व्हर्टर दवाखान्यात केसपेपर काढताना विचारतात तशी चौकशी करतो. व्होल्ट किती, अँपिअर किती, किलोवॅट किती. हे सगळं मोटारीच्या पितळी पाटीवर कोरलेलं असतं. असतं म्हणजे, होतं. एकतीस वर्षं मी ती पाटी रोज पावडर लावून घासली. तुम्ही ओरडायचात, "अरे, अक्षरं जातील!" गेली. पाटी आता इतकी लखलखीत आहे की तिच्यात बघून दाढी करावी. कागदपत्रं वाळवीने खाल्लेली. मग सगळे माझ्याकडे वळले आणि लेक अभिमानाने म्हणाली, "बाबांना तोंडपाठ आहे. पाचशे किलोवॅट!"

खरा आकडा तुम्हाला माहीत आहे. तीनशे पंधरा. पण पाच वर्षांची असताना ती माझं बोट धरून पंपघरात आली होती आणि मान वर करून विचारलं होतं, "बाबा, ही केवढी?" आता तीनशे पंधरा हा काय एवढ्या मोठ्या डोळ्यांना सांगायचा आकडा आहे? मी पाचशे म्हणालो. तिने शाळेत निबंध लिहिला, बाईंनी वर्गात वाचून दाखवला, आणि पाहुण्यारावळ्यांत मी कायमचा पाचशेवाला झालो. परवाही मी मान डोलावली, वर बाकीचे आकडे पाचशेला शोभतील असे बेतून दिले.

घरच्यांनी वीस-बावीस वर्षं ठेवलेला विश्वास त्या कपाटाने दहा सेकंद ठेवला नाही. चाचणी सुरू झाली, मोटार थरथरली, विव्हळली, लाल दिवा, बंद. तीनदा तेच. लेकीचे साहेब म्हणाले, वाइंडिंग गेलंय, शुक्रवारी मोटार भंगारात. लेक दोन दिवस धड जेवली नाही, आणि मी समोर बसून नुसता पाणी पीत राहिलो. मोटार ठणठणीत आहे हो दादा! पण लेकीसमोर माझी जीभच उचलत नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. मोटार मूळची पाचशेचीच होती, पण तुम्ही रिवाइंडिंगला बारीक तार घातलीत म्हणून तीनशे पंधराची झाली, अशा दोन ओळी लेकीला लिहाल का? तुमच्या हाताची एवढी कीर्ती आहे, तिला काही धक्का लागत नाही. वाटल्यास 'तेव्हा बाजारात जाड तार मिळेना' असं लिहा. शुक्रवारच्या आत हवं.

ता. क. २. पत्र लेकीकडेच पोस्टात टाकायला देतोय. पाकिटाला डिंक सापडला नाही, सांभाळून घ्या.

ता. क. ३. काका, नमस्कार. हे अक्षर माझं. पाकीट उघडं होतं, मी वाचलं. आकडा पडताळून घ्यायला हवा होता, चूक माझीच. पण बाबांनी सांगितलेला आकडा पडताळायचा असतो, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. आज सकाळी तीनशे पंधरा घातला आणि मोटार एका दमात धावली. बाबांना सांगितलंय की तुमच्या मुलाला फोन केला, जुनी वही सापडली, तार बारीक पडली होती. तेव्हा भेटले की कृपा करून कबूल करा. ते तुमच्यावर अर्धा तास चिडले होते. म्हणाले, "चांगली पाचशेची मोटार होती माझी!"