सुरैय्याआपांना मत देण्याची माझी तीन कारणे

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.१०

आज सहा वाजता दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची डिबेट. यूट्यूबवर लाइव्ह, आम्ही घरच्या टीव्हीवर बघणार. संकल्प: मन कोरं ठेवून बघायचं. शंभर मार्कांचा तक्ता आखलाय. व्हिजन २५, अनुभव २५, वक्तृत्व २५, आकडेवारी २५. ज्याला जास्त, त्याला मत. खलास.

उमेदवार दोन. विघ्नेश सर: जुमेरा लेक्स टॉवर्समध्ये ऑफिस, बारा महिने ब्लेझर. सुरैय्याआपा: रोल्लाच्या बाजारात शिलाईचं दुकान, बावीस वर्षं मंडळाच्या कामात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. माझा शनिवारचा वर्ग मंडळाच्या खोलीत भरतो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या स्टाफ क्वार्टर्समधले अकरा जण मंडळाच्या बसने येतात, आणि मी त्यांना इंग्रजी कागद वाचायला शिकवते. विघ्नेश सर आले तर बस आणि खोली दोन्ही जाणार, असं लोक म्हणतात. म्हणजे माझा यात हितसंबंध आहे. तो इथे जाहीर केला आणि बाजूला ठेवला.

शाळेत सीट मिळेना म्हणून तिसरीपर्यंत मी वडिलांपाशी, आप्पांपाशी, घरीच शिकले. वर तारीख, खाली सही. सही नाही तो कागद कुणाचाच नाही, असं ते म्हणायचे. आता मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, बिनसहीचा कागद आला की परत पाठवते. या वहीतही सही करते. कुणी वाचणार नाही, हा मुद्दा वेगळा.

— स.

८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४०

मी चिडलेली नाही.

दोन पोडियम होते. आपांच्या वाट्याला आलेला इतका उंच, की तासभर टीव्हीवर त्यांचं फक्त कपाळ आणि ओढणी. धाकटा भाऊ मिथुन म्हणाला, ताई, शी इज लिटरली अ फोरहेड. त्याला खोलीबाहेर काढलं.

विघ्नेश सरांनी स्लाइड्स दाखवल्या. मंडळ प्रीमियम करणार. दिवाळी मेळावा हॉटेलात, माणशी दोनशे दिरहम. आई लगेच म्हणाली, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास की हो, आणि जेवण उभ्याने! वर्गाची खोली मेंबर्स लाउंज होणार. बस म्हणजे लेगसी कॉस्ट, जुना फुकटचा खर्च.

सूत्रसंचालक सोनमने आपांना व्हिजन विचारलं. आपा म्हणाल्या, आधी बस. बसनंतर काय? बसनंतर माणसं येतील, मग त्यांना विचारू. मंडळाच्या शिल्लक निधीचं काय करणार? आपा म्हणाल्या, माहीत नाही. कागद बघून सांगते.

विघ्नेश सर हसले. माईकसमोर हसले! म्हणाले, आपा, हे किचन नाहीये, इथे अंदाजाने मीठ टाकून चालत नाही.

अंदाजाने? त्या बाई कागद बघून सांगते म्हणाल्या! अंदाज नको म्हणूनच म्हणाल्या! तेवीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात टीव्हीवर एका माणसाने माहीत नाही असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यावर हा हसतो?

मार्क: विघ्नेश सर ७८. आपा ४१.

तक्ता चुकलाय.

— स.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

शांत मनाने नवा तक्ता केला. अनुभव २५, व्हिजन १०, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणे ३०, माहीत नसल्यास तसं सांगणे ३५. सर २९, आपा ८८. बघा. निःपक्षपातीपणे बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

आप्पा चष्म्यावरून तक्ता बघून म्हणाले, उत्तर आधी ठरवून गणित मांडलंयस. मी म्हटलं, मी फक्त वेटेज बदललंय. ते म्हणाले, बरं.

त्यांच्या त्या बरं-चा मला संताप येतो.

संकल्प: रोज पाच फोन. पंचवीस मतदार पटवायचे. आवाज न चढवता.

— स.

११ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६

फोन: पंधरापैकी एक. तो मावळत्या अध्यक्ष कावेरीताईंना. त्या म्हणाल्या, अगं, दोन मिनिटं आहेत, कुकर लावलाय. मी मुद्देसूद बोलले. मिनिटं चाळीस. मध्ये त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, पण मुद्दा अर्धवट सोडणं अप्रामाणिक वाटलं. शेवटी त्या म्हणाल्या, झालं का बाळ?

पटलं असावं.

— स.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.२०, ऑफिस, लंच ब्रेक

काल ग्रुपवर मेसेज टाकला. ‘सुरैय्याआपा का?’ छोटाच, अकराशे शब्द. नंतर लक्षात आलं, मी आपांची तेवीस वर्षं लिहिली. बावीस आहेत. तेवीस माझी स्वतःची. म्हणून दुरुस्ती टाकली: ‘माझ्या मेसेजमधील एक महत्त्वाची माहिती चुकीची होती. क्षमस्व.’

दहा मिनिटांत विघ्नेश सरांनी ती फॉरवर्ड केली. वर लिहिलं, ‘समोरच्या बाजूनेच कबुली दिली आहे. धन्यवाद, समिधा.’ आणि हात जोडलेले.

हात जोडलेले!!

आपांचा फोन आला. मागे शिलाई मशीन चालू. म्हणाल्या, बाय माझे, तू माझ्याच बाजूची ना? मी म्हटलं, अर्थात. म्हणाल्या, मग दहा दिवस जरा गप बस गो.

त्या थकल्या असाव्यात.

— स.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.३०

वर्ग. अकराही आले. फळ्यावर नेहमीची ओळ लिहिली: आधी वाचा, मग सही. गेल्या वर्षी वासुदेवने रजेचा अर्ज समजून राजीनाम्यावर सही केली. चिपळूणला घरी गेला, आईला सांगितलं महिन्याची सुट्टी आहे. पाच महिन्यांनी नव्या व्हिसावर परत. त्याच्यासाठीच तर वर्ग काढला. परवा त्याने बँकेचा मेसेज स्वतः वाचला, आणि कुणी पासवर्ड मागत होतं तो दिला नाही. ही खोली लाउंज झाली तर तिथे सोफे येतील. सोफे!

वासुदेवने विचारलं, मॅडम, मत कुणाला टाकू? हे सगळे तुम्ही सांगाल तिकडे टाकतील.

अकरा मतं. समोर बसलेली. हात पुढे केला की मिळणारी.

पण शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांवर दबाव आणू नये. मी दोन्ही उमेदवारांचे गुण समान वेळ देऊन सांगितले. सरांच्या बाजूला एक गुण कमी पडत होता, म्हणून आठवून एक जास्तीचा घातला. निघताना मागच्या बाकावरचे दोघं म्हणाले, ते कोटवाले बरे वाटतात, मॅडम. तुम्हीच सांगितलं ते हुशार आहेत म्हणून.

उरले नऊ. नऊ पुष्कळ झाले.

— स.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.१५

फोन: एकूण तीन. संकल्प पंचवीस मतदारांचा होता, पण दर्जा महत्त्वाचा.

मंडळाने मतपत्रिकेसोबत द्यायचा सूचनांचा कागद ईमेल केलाय. मराठी आणि इंग्रजीत, दोन पानं. आत्ता उघडणार नाही. ईमेलमध्येच वर दोघांचे डिबेटमधले फोटो टाकलेत, विघ्नेश सरांचा तो हसतानाचा. माझं डोकं फिरतं.

ऑफिसात आज बिनसहीची सात ड्रॉइंग्ज परत पाठवली. रुहान म्हणाला, हबीबी, एक तरी सोड. सोडलं नाही.

— स.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.४५

मत दिलं. समाधान आहे.

रांगेत विघ्नेश सर प्रत्येकाशी हात मिळवत होते. मला म्हणाले, काय समिधा, अजून काही दुरुस्ती? लोक हसले. मी सरळ आत गेले. पडद्यामागे टेबल, पेन, मतपत्रिका. बाजूला तो सूचनांचा कागद चिकटवलेला. दोन पानं. आयुष्यभर सगळं मीच वाचत आलेय, म्हटलं, आज पुरे.

आपांच्या नावापुढे फुली मारली. पण नुसती फुली? फुली कुणीही मारतं. मग मतपत्रिकेच्या मागे, स्वच्छ अक्षरात, तीन कारणे लिहिली. एक: माहीत नसताना त्या माहीत नाही म्हणाल्या. दोन: त्या कुणावर हसल्या नाहीत. तीन: बस.

वर तारीख. खाली सही, पूर्ण नावाची.

आयुष्यात पहिल्यांदा राग योग्य जागी वापरला असं वाटतंय. निकाल तीन वाजता.

— स.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.३०

जे झालं ते क्रमाने लिहिते.

निवडणूक अधिकारी खैरुद्दीन चाचा. मोजणी सगळ्यांसमोर. विघ्नेश सर ७४. आपा ७४. बाद एक.

चाचांनी बाद मतपत्रिका वर धरली. म्हणाले, नियमाप्रमाणे कारण सांगावं लागतं. मतपत्रिकेवर नाव, मजकूर किंवा सही असेल तर मत बाद. यावर तिन्ही आहेत. मग चष्मा लावून, मागची बाजू वाचली. मोठ्याने. तिन्ही कारणे. तारखेसकट. सहीपाशी आल्यावर थांबले आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे, माशाल्ला.

हॉलमधली एकशेपन्नास डोकी एकदम माझ्याकडे वळली. आप्पा छताकडे बघत होते. मिथुन म्हणाला, ताई, यू साइन्ड अ सीक्रेट बॅलट?

समान मतं पडली तर मावळत्या अध्यक्षांचं निर्णायक मत. कावेरीताई उठल्या. म्हणाल्या, दोघंही मला सारखेच. पण एका बाजूच्या लोकांनी मला चाळीस मिनिटं फोनवर धरलं, त्या दिवशी डाळ करपली, कुकर अजून निघत नाही. मी विघ्नेशला देते.

टाळ्या.

आपा माझ्याकडे आल्या. वाटलं, बोलतील. बोलायलाच हवं होतं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, म्हणाल्या, दुसरं कारण छान होतं गो. आणि खुर्च्या उचलायला गेल्या.

मला कुणीतरी ओरडायला हवं होतं.

— स.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

रात्रभर विचार करून निष्कर्ष: दोष नियमाचा आहे. सही केलेलं मत जास्त प्रामाणिक. तीन पानी निवेदन लिहिणार.

विघ्नेश सरांचा मेसेज. तुमच्यासारख्या काटेकोर व्यक्तीची मंडळाला गरज आहे, नियमावली समितीत याल का? हात जोडलेले.

फोन गादीवर आपटला. (गादीवर. स्क्रीन गार्ड नवीन आहे.)

— स.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११

खोलीला नवं कुलूप. बस बंद. निवेदनाचा मजकूर दोन ओळींवर अडकलाय.

सव्वादहाला वासुदेवचा फोन. मॅडम, खाली आहे. आमच्या बिल्डिंगखालच्या, लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या पायरीवर. एकटाच. पहाटे निघाला होता, दोन बस आणि मेट्रो बदलून. बाकीचे दहा? तो म्हणाला, त्यांना जमणार नाही, मॅडम. सुट्टीचा अख्खा दिवस प्रवासात जातो.

म्हटलं, वासुदेव, चूक माझी आहे. तो म्हणाला, असू दे हो, मी तर राजीनाम्यावर केली होती.

पायरीवरच वर्ग घेतला. धड्याचा कागद त्यानेच आणला होता. घडी उलगडली. मतदानाच्या सूचना. म्हणाला, मी त्या दिवशी आत शिरण्याआधी उभा राहून सगळा वाचला, इंग्रजीसुद्धा. मागे लोक यल्ला यल्ला, चला चला करत होते, पण तुम्ही सांगितलंय ना, आधी वाचा. एका शब्दावर अडलो नाही. ऐका.

आणि बोट ठेवून, न अडखळता, वाचलं. डू नॉट राइट युअर नेम. डू नॉट साइन धिस पेपर.

एकही चूक नाही. वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

पैकीच्या पैकी, मी म्हटलं. आवाज ठीक होता, असं वाटतं.

त्याने वही उघडून पुढे केली, पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणाला, मॅडम, खाली सही.