साहेबाचं लाल जाकीट

३ मार्च, मंगळवार

पावांचे दोन ट्रे कोळसा! भट्टीची घंटा वाजली असणार, पण साहेब जागचा हलला नाही. सात वर्षं माझे कान म्हणजे हा कुत्रा. या बेकरीत चार महिने झाले, घंटा झाली की येऊन गुडघ्याला नाक लावतो, मग मी ट्रे काढते. आज नुसता बसून राहिला. भट्टीवाले काका गिरणीवर गेले होते. आल्यावर बरंच बोलले. मिशांमुळे त्यांचे ओठ वाचता येत नाहीत, शिव्या तेवढ्या कळतात.

४ मार्च

गुरांच्या डॉक्टरांनी साहेबाच्या मागून टाळ्या वाजवल्या. कानसुद्धा हलला नाही. कागदावर लिहून दिलं – ‘वय झालं. वर्षभर तरी ऐकू येत नसावं.’

वर्षभर? मग रोज घंटा कोण सांगत होतं?

दवाखान्यात एका बोक्याच्या गळ्यात नरसाळं होतं. का ते विचारायचं राहिलं.

५ मार्च

दिवसभर साहेबावर पाळत ठेवली. सापडलं.

घंटा वाजली की काका गल्ल्यावरून उठण्याआधी खांद्यावरचा टॉवेल ओढतात. साहेबाचा डोळा त्या टॉवेलवर. टॉवेल हलला की हा माझ्या गुडघ्याशी. मंगळवारी काका नव्हते, म्हणून टॉवेलही नव्हता.

लबाड! हे तर मी करते. सगळे हसले की हसायचं, सगळे वळले की वळायचं. चौथीपर्यंत अशीच पास झाले. पाचवीत शेजारची मुलगी बदलली आणि गाडी अडली.

६ मार्च

साहेबाला शिकवणाऱ्या ट्रेनरबाईंचा मेसेज – ‘त्याचं कामाचं जाकीट तुझ्याच हातानं काढ. परत घालू नकोस. नाहीतर तो रिटायर होणारच नाही.’

काढलं. खिळ्याला अडकवलं. साहेब खिळ्याखाली मान पुढे करून उभा. ट्रंकेत टाकलं, तर ट्रंकेवर चढून बसला.

बाहेर जाऊन रडले. मग लक्षात आलं, त्याला कुठे ऐकू येतंय. आत येऊन रडले.

७ मार्च

उद्या ताई त्याला न्यायला येणार. तिच्याकडे अंगण आहे, पोरं आहेत. माझ्याकडे ही भाड्याची खोली आणि पाठीवरची पिशवी. एका गावात सहा महिने टिकले तर विक्रम. ताईनं लिहिलंय, ‘त्याला तरी एका जागी बसू दे, भटकभवाने.’

बरोबर आहे तिचं. मी जमवीन. आज एकटीच बाजारात जाऊन आले. एक सायकलवाला अंगावर येता येता राहिला. त्याला मिशा नव्हत्या, सगळ्या शिव्या कळल्या.

दाराला दिव्याची बेल बसवून घेतली. बाहेर बटण दाबलं की आत दिवा लुकलुकतो. वायरमन म्हणाला, ‘सहा महिने गॅरंटी.’ म्हटलं, तेवढे दिवस मी कसली राहतेय इथे.

८ मार्च, रविवार

दिवा लुकलुकला. साहेब पेंगत होता. मी खाली बसले आणि त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. उठला. मी पुढे, तो मागे, दारापर्यंत.

ताई दोघांकडे बघत राहिली. मग हातातली साखळी तिनं पिशवीत परत टाकली.

वायरमनला विचारायचं – गॅरंटी वाढवून मिळते का.