दारातली कळलावी

अण्णा, तुमच्या नातीने काल विचारलं, आजोबा कसे बोलायचे, आणि मला तुमचा आवाज आठवेना. तुमची बागेतली बडबड मात्र शब्दन् शब्द आठवते. येलहंक्याच्या आपल्या घरापुढे फाटकाला लागून चटईएवढी तांबडी माती होती. शेजारपाजारचे लोक तेवढ्यात गुलाब नाहीतर कनकांबर लावायचे. तुम्ही मात्र आई गेली त्या वर्षी आत्याच्या आनेकलच्या शेताच्या बांधावरून एका रानवेलीचा कंद उकरून आणलात, वाकडातिकडा, नांगराच्या फाळासारखा. आई होती तोवर भाद्रपदात आत्या ती फुलं पाठवायची. गौरीच्या मुखवट्याखाली दोन्ही बाजूंना ती खोवली की झाले गौरीचे हात. कन्नड शेजारणी त्याला गौरी हूवु म्हणायच्या, आपणही तेच म्हणायचो. "आई नाही म्हणून गौर थोटी बसायला नको," म्हणालात. तेवढंच म्हणालात, पण मी तेव्हा शाळेतली पोर, त्या एका वाक्यावर न्हाणीघरात जाऊन रडले होते.

पहिला कंद तुम्ही लाडाने मारलात. रोज सकाळी तांब्याभर पाणी, मग कुजणार नाही तर काय! आत्याने चांगलं फैलावर घेतलं तेव्हा कुठे समजलं, की रानातली ती, तिला रानासारखंच ठेवावं लागतं. दुसऱ्या वर्षी वेल आली आणि बहरलीही, पण थंडी सरता सरता पार वाळून गेली. मी काड्या उपटायला निघाले तर तुम्ही धावत आलात. "मेली नाही ग, निजलीय. स्वल्प कळ सोस." आणि खरंच, जूनमध्ये मातीतून हिरवं बोट वर. तुम्ही इकडच्या शिवाजीनगरातल्या दुकानात शाळेचे गणवेश कापणारे कटर, त्यामुळे आपल्या वेलीला आधाराच्या काठीशी बांधायला खाकी, निळ्या, मरून चिंध्या. एरवी पानांची टोकंच जे सापडेल त्याला गुंडाळून घेत वर चढायची. कळी हिरवी, उमलताना पिवळी, मग टोकापासून लाल होत जायची, पाकळ्या मागे उलटलेल्या. रस्त्याने जाणारे थांबून नाव विचारत आणि तुम्ही मिशीत हसत.

मग मला बघायला पुण्याची मंडळी आली. मुलगा इथेच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला, त्याची आई मुद्दाम पुण्याहून आलेली. फाटकातच थबकल्या. "अगंबाई, ही कळलावी की! आणि दारात लावलीत? घरात भांडणं लागतात हो." आपल्याला ते नावच माहीत नव्हतं. शिवाजी महाराजांच्या आधीपासून इकडे आहोत असं ऐटीत सांगणारे तुम्ही, त्यांच्या शुद्ध मराठीपुढे एकदम अवघडलात. "सरी, सरी, बरं, काढून टाकतो," म्हणालात. मला तुमचा राग आला. पण लग्न ठरलं, झालं, आणि वेल होती तिथेच राहिली. मी मनात म्हटलं, शाब्बास अण्णा.

म्हणून तर सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आले तेव्हा मी आधी फाटकाशी उभी राहिले. श्रावण चालू होता, वेल भरात असायला हवी होती. तिथे नुसती मोकळी माती. तुम्ही माझी पिशवी घ्यायला पुढे येताय आणि मी पिशवी सोडत नाहीये. "सासूबाईंच्या एका शब्दावर आईची गौर थोटी केलीत? तुम्हाला कणाच नाही." आत्या माझ्यासाठी येऊन राहिली होती, ती स्वयंपाकघराच्या दारातून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुम्ही तिला हातानेच थांबवलंत. गौरी आल्या तेव्हा तुम्ही लाल-पिवळ्या कापडाची फुलं शिवून त्यांच्या बाजूंना लावलीत. पाकळ्या मागे वळाव्यात म्हणून कडांना चुण्या घातल्या होत्या, मी ते नीट पाहिलं होतं. तोंडाने मात्र मी म्हणाले, "नाटकं." बाळ झालं, बारसं झालं, मी सासरी परत गेले, आणि तोवर आपल्यात जेवण झालं का, औषध घेतलं का, याच्यापुढे बोलणं गेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दुकानातच तुमच्या छातीत दुखलं आणि संपलंच. दिवसवारे झाल्यावर मी आत्याला पोचवायला आनेकलला गेले. तिने मला विहिरीमागच्या बांधावर नेलं. वाळलेल्या काड्या, आणि काठ्यांना खाकी, निळ्या चिंध्या. मी म्हटलं, "टाकून नाही दिली?"

"टाकील तो? कळलावी म्हणजे काय हे त्याने तुझ्या सासूला नाही, मार्केटातल्या झाडपाला विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, भांडणाची कळ नव्हे हो, बाळंतपणाच्या कळा. कंद उगाळून लावला की अडलेली बाई सुटते म्हणतात, आणि पोटात गेला तर माणूस जातो. तुला दिवस गेल्याचं कळलं त्याच रविवारी कंद घेऊन आला इथे. मी म्हटलं, पोरीला सांग. तर म्हणाला, बेड अक्का, नको, घाबरेल ती, तिला नंतर सांगू. येत्या जूनला कंद परत न्यायचे होते त्याला."

एवढीशी गोष्ट, अण्णा. नुसता हात लागल्याने कळा सुरू होत नाहीत, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलं असतं. पण तुम्ही विचारणार अशा बाईलाच, आणि विश्वासही तिच्यावरच ठेवणार, हे मी ओळखून असायला हवं होतं. माझी भांडकुदळ जीभ तुम्हीच लाडावून ठेवलेली, म्हणून तुम्ही ती मुकाट्याने ऐकून घेतलीत असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. ते खरं नाही. ओल्या बाळंतिणीला त्रास नको म्हणून तुम्ही थांबलात, आणि मग वेळच उरला नाही. मी हे कितीदा तरी लिहायला घेतलं आहे. दर वेळी इथवर येते आणि कागद फाडते, कारण पुढचं लिहायची लाज वाटते.

बारशानंतरचा एक दिवस. तुम्ही दुकानातून आलात, हातपाय धुतलेत, अंगातला शर्टसुद्धा बदललात आणि खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिलात. आत आला नाहीत. "बाळाला स्वल्प दे की माझ्याकडे." मी म्हटलं, झोपलीय. तुम्ही "सरी" म्हणून गेलात.

ती जागी होती, अण्णा.