एका गव्हाणीच्या दोघी

धुळे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. रत्नाकाकू वाचून दाखवेल.

दमलेय गं. म्हशींच्या ढेकरातला गॅस हवा तापवतो, तो कमी करायला तुला दिलीय ही पूड. आपल्या दोन म्हशींपैकी चंद्रीच्या ढेपेत पूड घालायची, मोरीच्या नाही, म्हणजे दोघींतला फरक मोजता येतो. पण नेमके आपल्याच गावचे आकडे जुळत नाहीत. चंद्रीचा गॅस हवा तेवढा घटत नाही आणि मोरीचा पुडीवाचून घटतोय. सर म्हणतात, यंत्र तरी बिघडलंय नाहीतर मोजणारी. माझ्या नोकरीची मुदत मार्चअखेर संपते, पुढे ठेवायचं का ते याच कामावर ठरणार. मोरी चंद्रीच्या घमेल्यात तोंड घालते का, तेवढं पाहून कळव.

दमलेल्या नातीवर लोभ थोडा जास्तच असू दे.

तुझी संघमित्रा


धरणगावजवळून, ९ फेब्रुवारी

चि. संघमित्रास आशीर्वाद व जयभीम.

सांगणारी मी, लिहिणारी रत्ना. अक्षर बरं दिसलं तर तिचं, शहाणपण दिसलं तर माझं.

मोरी कुणाच्या घमेल्यात तोंड घालत नाही. चोरून खायची सवय तुझ्या आजोबांना होती, तिला नाही. चोर मी आहे. पुडी मीच निम्मी निम्मी करते.

पहिल्या दिवशी चंद्रीला पूड घातली, तर मोरीनं रवंथ थांबवला आणि मान लांब करून बघत राहिली. माझ्या लहानपणी गावच्या लग्नात आम्हाला कुंपणाबाहेर बसवायचे. बुंदीचं ताट समोरून जायचं, आमच्याकडे वळायचं नाही. ते बघणं मला ओळखू येतं. एका गव्हाणीला बांधायचं आणि एकीलाच वाढायचं, हे माझ्या हातून होत नाही. गॅस तोंडातून येतो हे तू सांगितलंस तेव्हा कळलं, मी आपली उगाच दुसऱ्या टोकाला नाक धरत होते.

तुझी नोकरी जाईल म्हणून रत्ना लिहिताना नाक ओढतेय. माझंही जेवणावरून मन उडालंय. सरांना माझं नाव सांग. यंत्राचं सांगू नकोस, त्या मुक्याला कशाला गुन्हेगार करायचं.

रागव, पण पत्र टाकत जा.

रुक्माबाई


धुळे, २४ फेब्रुवारी

ती. आजीस सप्रेम जयभीम. वि. वि.

यंत्रावर ढकलायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण सांगितलं. सर म्हणाले, बाकीच्या घरी विचारून ये. विचारलं. झुलालबाबा निम्मी घालतात. नूतनवहिनी तर दुसरी म्हैस गाभण आहे म्हणून तिलाच सगळी घालते. मी गावोगाव यंत्र घेऊन फिरले, आणि गोठ्यात पंगत कशी वाढतात ते एकदाही विचारलं नाही.

आता नव्यानं सुरुवात. एका गोठ्यात सगळ्यांना पूड, नाहीतर कुणालाच नाही. काम पुन्हा करायचं म्हणून मुदत वाढली. नोकरी राहिली, विश्रांती गेली. जयंतीला येणं जमणार नाही.

कुठल्या गोठ्याला पूड द्यायची त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. आपल्या गोठ्याला पूड नाही आली.

माया पातळ करू नकोस.

संघमित्रा


धरणगावजवळून, ३ मार्च

चि. संघमित्रास आशीर्वाद व जयभीम.

जयंतीला तुझ्या वाटणीचं गोड रत्ना खाईल, तिची तयारी आहे.

नुसती ढेप ठेवली. दोघींनी घमेली हुंगली, आधी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघींनाही नाही म्हटल्यावर मला मान खाली घालावी लागली नाही. बठ्ठं घमेलं पार तळापर्यंत चाटून दोघी बसल्या.

तूही जेवून घेत जा, आणि एकटी जेवू नकोस.

रुक्माबाई